मुंबईचे हातठोकीचे रुपये

मुंबईच्या टांकसाळींतील जुन्या रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचें नांव पाहून संग्राहक ते केवळ ‘मोंगली’ म्हणून नोंदितात. ही नोंद अपुरी आहे, असें आमचें मत आहे. इ. स. १६७६ त इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस यानें कंपनीस मुंबईंत नाणें पाडण्याची सनद दिली व त्याच्या नांवाचे इंग्रजी लेखाचे रुपये निघाले. परंतु बेटाबाहेर व्यापाऱ्यांचा विश्वास बादशाही शिक्क्यावर. पुढें १७१७ त फर्रुखसियरनें कंपनीस मुंबईंत बादशाही रुपये पाडण्याची मोकळीक दिली. नांव बादशहाचें, टांकसाळ मात्र इंग्रजांची!

रुप्याची तोललेली चकती दोन ठशांमध्यें ठेवून वरून हातोडा मारीत. ठसा चकतीहून मोठा, म्हणून लेख तुटे व ‘जर्ब मुंबई’ हीं अक्षरें पुष्कळदां कांठाबाहेर जात. पोथीचा त्रुटित पाठ आपण अनेक प्रती ताडून पुरा करितों. येथेंही चारपांच नाणीं शेजारीं ठेवून लेख जुळवावा. १८३० च्या सुमारास वाफेच्या यंत्रांची टांकसाळ चालू झाल्यावर ही रीत मागें पडली. यास्तव असें नाणें आटवूं नये, त्यावरील सराफी खुणाही घासूं नयेत. सत्ता कोणाची व नांव कोणाचें, याची साक्ष त्या तुटक्या कांठावरच आहे.