२०२०-२१ इंडियन सुपर लीग

२०२०-२१ इंडियन सुपर लीग हा भारतातील व्यावसायिक फुटबॉलच्या वरिष्ठ श्रेणीतील इंडियन सुपर लीग या स्पर्धेचा सातवा हंगाम होता. तो २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात खेळवला गेला. कोव्हिड-१९ महामारीमुळे हंगामातील सर्व ११५ सामने गोवा राज्यातील तीन मैदानांवर प्रेक्षकांविना झाले. साखळी फेरीअखेर मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान या दोन्ही संघांचे प्रत्येकी ४० गुण झाले. परस्परांतील दोन्ही सामने जिंकल्यामुळे मुंबई सिटीला लीग विजेत्यांची ढाल मिळाली. त्यानंतर अंतिम सामन्यात त्याच प्रतिस्पर्ध्याला २-१ असे हरवून मुंबई सिटीने विजेतेपदही मिळवले. ढाल आणि विजेतेपद एकाच हंगामात जिंकणारा तो पहिला संघ ठरला.

== पार्श्वभूमी ==

आधीच्या हंगामाचा अंतिम सामना १४ मार्च २०२० रोजी मडगावजवळील फातोर्डा येथे रिकाम्या प्रेक्षागारासमोर झाला होता. त्यानंतर देशातील क्रीडास्पर्धा थांबल्या. नेहमीप्रमाणे यजमान आणि पाहुणे या पद्धतीने देशभर प्रवास करून हंगाम खेळवणे शक्य नसल्याने संपूर्ण स्पर्धा एकाच राज्यात भरवण्याचे ठरले आणि त्यासाठी गोव्याची निवड झाली. राज्याचे लहान क्षेत्रफळ, एकमेकांजवळची मैदाने, सरावासाठी उपलब्ध असलेली क्रीडांगणे आणि मोठ्या संख्येने असलेली हॉटेले या बाबी गोव्याच्या पथ्यावर पडल्या.

प्रत्येक संघाला स्वतंत्र हॉटेल व सरावाचे मैदान देण्यात आले. खेळाडू, प्रशिक्षक आणि सहायक कर्मचारी यांना हंगाम संपेपर्यंत जैवसुरक्षित वातावरणात राहावे लागले. दाट वेळापत्रक लक्षात घेऊन प्रत्येक संघाला एका सामन्यात पाच बदली खेळाडू उतरवण्याची मुभा होती.

== संघ ==

या हंगामात संघांची संख्या दहावरून अकरा झाली. तीन वेळा विजेता ठरलेला कोलकात्याचा एटीके आणि शतकाहून जुना मोहन बागान यांच्या एकत्रीकरणातून एटीके मोहन बागान हा संघ तयार झाला. सप्टेंबर २०२० मध्ये ईस्ट बंगालचा प्रवेश निश्चित झाला. त्यामुळे कोलकात्यातील पारंपरिक लढत प्रथमच या स्पर्धेत पाहायला मिळाली. २७ नोव्हेंबर रोजी वास्को येथे झालेला हा सामना एटीके मोहन बागानने २-० असा जिंकला.

बंगळूर, चेन्नईयिन, गोवा, हैदराबाद, जमशेदपूर, केरळ ब्लास्टर्स, मुंबई सिटी, नॉर्थईस्ट युनायटेड आणि ओडिशा हे इतर नऊ संघ होते. पुण्याचा एफसी पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये बंद पडून त्याची जागा हैदराबादने घेतली असल्याने महाराष्ट्रातून मुंबई सिटी हा एकमेव संघ स्पर्धेत होता.

मुंबई सिटीची मालकी नोव्हेंबर २०१९ मध्ये बदलली. सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. या हंगामासाठी स्पेनचे सर्जिओ लोबेरा यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. लोबेरा याआधी एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. मुर्तदा फॉल, अहमद जाहूह, ह्युगो बूमूस आणि मंदार राव देसाई हे त्यांच्या हाताखाली गोव्याकडून खेळलेले खेळाडूही मुंबईत दाखल झाले. गोलरक्षक अमरिंदर सिंह संघाचा कर्णधार होता.

== मैदाने ==

* जवाहरलाल नेहरू मैदान, फातोर्डा
* जीएमसी ॲथलेटिक मैदान, बांबोळी
* टिळक मैदान, वास्को

प्रत्येक सामन्यासाठी एक संघ कागदोपत्री यजमान धरला जात असे. मात्र घरच्या प्रेक्षकांचा लाभ कोणालाच नव्हता. मुंबई सिटीला अंधेरीतील आपल्या मैदानावर हंगामभरात एकही सामना खेळता आला नाही.

== स्वरूप ==

प्रत्येक संघ इतर दहा संघांशी दोनदा खेळला. विजयासाठी तीन आणि बरोबरीसाठी एक गुण होता. साखळी फेरीतील अव्वल संघाला लीग विजेत्यांची ढाल आणि २०२२ च्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत स्थान मिळणार होते. पहिले चार संघ बाद फेरीसाठी पात्र ठरत. उपांत्य फेरी दोन सामन्यांची आणि अंतिम फेरी एका सामन्याची होती. गुण समान झाल्यास प्रथम त्या दोन संघांमधील परस्पर निकाल पाहिले जात. हंगामाअखेर हाच नियम निर्णायक ठरला.

== साखळी फेरी ==

उद्घाटनाचा सामना २० नोव्हेंबर रोजी बांबोळी येथे झाला. त्यात एटीके मोहन बागानने रॉय कृष्णाच्या गोलवर केरळ ब्लास्टर्सला १-० असे हरवले. मुंबई सिटीची सुरुवात पराभवाने झाली. पहिल्या सामन्यात जाहूहला लाल कार्ड मिळाले आणि नॉर्थईस्ट युनायटेडने पेनल्टीवर १-० असा विजय मिळवला. चार दिवसांनी एफसी गोवाविरुद्ध ॲडम ल फाँद्रने भरपाई वेळेत पेनल्टीवर केलेल्या गोलमुळे मुंबईला पहिला विजय मिळाला. तेथून संघ सलग बारा सामने अपराजित राहिला. ११ जानेवारी २०२१ रोजी ओगबेचेच्या गोलवर मुंबईने एटीके मोहन बागानला १-० असे नमवले.

३० जानेवारी रोजी ही मालिका नॉर्थईस्ट युनायटेडनेच खंडित केली. देशॉर्न ब्राउनने सुरुवातीच्या दहा मिनिटांत केलेल्या दोन गोलमुळे त्या संघाने २-१ असा विजय मिळवला. हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलून नॉर्थईस्टने ही जबाबदारी खालिद जमील यांच्याकडे हंगामी स्वरूपात सोपवली होती. जमील यांनी खेळाडू म्हणून महिंद्र युनायटेडचे आणि पुढे प्रशिक्षक म्हणून मुंबई एफसीचे काम केले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली नॉर्थईस्टने साखळीतील उरलेल्या नऊ सामन्यांत सहा विजय आणि तीन बरोबरी नोंदवून तिसरे स्थान गाठले. या स्पर्धेच्या बाद फेरीत संघ नेणारे ते पहिले भारतीय मुख्य प्रशिक्षक ठरले.

फेब्रुवारीत मुंबईची घसरण झाली. गोव्याविरुद्ध ३-३ अशी बरोबरी झाल्यानंतर बंगळूरकडून २-४ आणि जमशेदपूरकडून ०-२ असे पराभव पत्करावे लागले. दरम्यान एटीके मोहन बागानने आघाडी घेतली. २४ फेब्रुवारी रोजी मुंबईने ओडिशाला ६-१ असे हरवले आणि त्यात बिपिन सिंहने हॅटट्रिक साधली. तरीही अखेरच्या दिवसापूर्वी मुंबईचे ३७ आणि एटीके मोहन बागानचे ४० गुण होते.

२८ फेब्रुवारी रोजी बांबोळी येथे हे दोन संघ समोरासमोर आले. एटीके मोहन बागानला ढालीसाठी बरोबरी पुरेशी होती. मुंबईला विजय अनिवार्य होता. पूर्वार्धात मुर्तदा फॉल आणि ओगबेचे यांनी गोल केले व मुंबईने सामना २-० असा जिंकला. दोन्ही संघांचे गुण, विजय, बरोबरी आणि पराभव समान झाले आणि परस्पर निकालांच्या आधारे मुंबई अव्वल ठरली. त्याच दिवशी चौथ्या स्थानासाठी हैदराबादला गोव्याविरुद्ध विजय हवा होता. पण तो सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि गोवा पुढे गेला.

हंगामातील सर्वाधिक गोलांचा सामना २७ फेब्रुवारी रोजी झाला. त्यात तळाच्या ओडिशाने ईस्ट बंगालला ६-५ असे हरवले.

== गुणतालिका ==

| क्र. | संघ | सामने | विजय | बरोबरी | पराभव | केलेले गोल | झालेले गोल | गुण |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| १ | मुंबई सिटी | २० | १२ | ४ | ४ | ३५ | १८ | ४० |
| २ | एटीके मोहन बागान | २० | १२ | ४ | ४ | २८ | १५ | ४० |
| ३ | नॉर्थईस्ट युनायटेड | २० | ८ | ९ | ३ | ३१ | २५ | ३३ |
| ४ | गोवा | २० | ७ | १० | ३ | ३१ | २३ | ३१ |
| ५ | हैदराबाद | २० | ६ | ११ | ३ | २७ | १९ | २९ |
| ६ | जमशेदपूर | २० | ७ | ६ | ७ | २१ | २२ | २७ |
| ७ | बंगळूर | २० | ५ | ७ | ८ | २६ | २८ | २२ |
| ८ | चेन्नईयिन | २० | ३ | ११ | ६ | १७ | २३ | २० |
| ९ | ईस्ट बंगाल | २० | ३ | ८ | ९ | २२ | ३३ | १७ |
| १० | केरळ ब्लास्टर्स | २० | ३ | ८ | ९ | २३ | ३६ | १७ |
| ११ | ओडिशा | २० | २ | ६ | १२ | २५ | ४४ | १२ |

साखळीतील ११० सामन्यांपैकी ४२ बरोबरीत सुटले. चेन्नईयिन आणि हैदराबाद यांच्या प्रत्येकी ११ बरोबरी झाल्या.

== बाद फेरी ==

=== उपांत्य फेरी ===

मुंबई सिटी आणि गोवा यांच्यातील पहिला सामना ५ मार्च रोजी २-२ असा बरोबरीत संपला. ८ मार्चचा दुसरा सामना अतिरिक्त वेळेनंतरही गोलशून्य राहिला. पेनल्टी शूटआउटपूर्वी लोबेरा यांनी कर्णधार अमरिंदरच्या जागी फुर्बा लाचेन्पाला गोलरक्षणासाठी उतरवले. मुंबईने शूटआउट ६-५ असे जिंकले. निर्णायक पेनल्टी मूळच्या गोव्याच्या रॉलिन बोर्जेसने मारली.

दुसऱ्या उपांत्य फेरीत एटीके मोहन बागान आणि नॉर्थईस्ट युनायटेड यांच्यातील पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटला. दुसरा सामना कोलकात्याच्या संघाने २-१ असा जिंकला.

=== अंतिम सामना ===

अंतिम सामना १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथे झाला. १८व्या मिनिटाला मुंबईच्या बचावातील चुकीचा फायदा घेत डेव्हिड विल्यम्सने एटीके मोहन बागानला आघाडी मिळवून दिली. २९व्या मिनिटाला लांबून आलेला चेंडू डोक्याने वळवण्याच्या प्रयत्नात तिरीकडून स्वयंगोल झाला आणि बरोबरी झाली. पूर्वार्धाच्या अखेरीस मुंबईचा स्थानिक बचावपटू अमेय रानवडे धडकेत डोक्याला मार लागून जखमी झाला व त्याला रुग्णालयात न्यावे लागले. ९०व्या मिनिटाला पुढे सरसावलेल्या गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्यला चेंडू ताब्यात ठेवता आला नाही. ओगबेचेने दिलेल्या पासवर बिपिन सिंहने विजयी गोल केला. मुंबई सिटीने सामना २-१ असा जिंकला. बिपिन सिंह सामनावीर ठरला.

== पुरस्कार ==

* सर्वोत्कृष्ट खेळाडू (सुवर्ण चेंडू): रॉय कृष्णा, एटीके मोहन बागान
* सर्वाधिक गोल (सुवर्ण बूट): इगोर अंगुलो, गोवा – १४ गोल
* सर्वोत्कृष्ट गोलरक्षक (सुवर्ण हातमोजा): अरिंदम भट्टाचार्य, एटीके मोहन बागान
* सर्वाधिक गोलसहाय्य: अल्बर्टो नोगुएरा, गोवा – ८
* उदयोन्मुख खेळाडू: लालेंगमाविया, नॉर्थईस्ट युनायटेड

रॉय कृष्णाचेही १४ गोल होते. मात्र अंगुलो कमी मिनिटे खेळलेला असल्याने सुवर्ण बूट त्याला मिळाला.

== महाराष्ट्राच्या फुटबॉलमधील स्थान ==

महाराष्ट्रातील क्लबने देशाची वरिष्ठ श्रेणीची लीग जिंकण्याची ही दुसरी वेळ होती. यापूर्वी मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली होती. तो क्लब २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीला २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले. स्वतः मुंबई सिटीने २०१६ मध्ये साखळीत अव्वल स्थान मिळवूनही उपांत्य फेरीत पराभव पत्करला होता.

वरिष्ठ श्रेणीतील राज्याचा सहभाग मुंबई आणि पुणे या शहरांभोवतीच राहिला आहे. परभणी, नांदेड, लातूर यांसह मराठवाड्यातील कोणत्याही जिल्ह्याचा क्लब या श्रेणीत खेळलेला नाही.

== परिणाम ==

पुढील २०२१-२२ चा हंगामही गोव्यातील याच तीन मैदानांवर झाला. यजमान व पाहुणे पद्धत ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाली.

ढालीमुळे मिळालेल्या पात्रतेच्या आधारे मुंबई सिटी २०२२ च्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. तोपर्यंत प्रशिक्षकपदी डेस बकिंगहॅम आले होते. ११ एप्रिल २०२२ रोजी सौदी अरेबियातील रियाध येथे संघाने इराकच्या अल-कुवा अल-जाविया या क्लबला २-१ असे हरवले. या स्पर्धेत भारतीय क्लबने मिळवलेला हा पहिला विजय होता. मुंबई सिटी आपल्या गटात दुसऱ्या स्थानी राहिली.