फेसबुकला मालक एक, मास्टोडॉनला किती? विकेंद्रित समाजमाध्यमांची घरच्यांना सांगता येईल अशी ओळख

विकेंद्रित समाजमाध्यम म्हणजे असं समाजमाध्यम, ज्याचा कारभार एकाच कंपनीच्या हातात नसतो. वेगवेगळ्या संस्था, गट किंवा एखादा हौशी माणूससुद्धा आपापला सर्व्हर चालवतो आणि हे सर्व्हर ठरलेल्या नियमाने एकमेकांशी बोलतात. मास्टोडॉन हे यातलं सगळ्यांत परिचित नाव. जर्मनीतल्या ऑयगन रोश्को या तरुणाने ते २०१६ मध्ये सुरू केलं. अलीकडे ब्लूस्काय हे नावही कानावर येतं.

आपल्याला त्याचं काय, असं कुणी विचारेल. त्यांना 'कू' आठवतंय का विचारा. बेंगळुरूच्या कंपनीने २०२० मध्ये आणलेलं, ट्विटरसारखंच, पण कन्नड, मराठी, हिंदीत लिहायची चांगली सोय असलेलं. जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी ३० सप्टेंबर २०१४ ला गुगलने ऑर्कुट गुंडाळलं. टिकटॉकवर तर जून २०२० मध्ये सरकारनेच बंदी घातली. तिन्हींची कारणं वेगळी, पण वापरणाऱ्याच्या वाट्याला एकच गोष्ट आली: जमवलेली माणसं गेली. फोटो, व्हिडिओ एकवेळ उतरवून ठेवता येतात. आपल्याला फॉलो करणारे लोक उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी माणसाला हे जरा जास्तच लागतं. आपली माणसं एका गावात नाहीत, चार राज्यांत विखुरलेली आहेत. एकदा धागा तुटला की घरोघर जाऊन परत जोडता येत नाही.

यूपीआयपासून सुरुवात करा

आईला किंवा काकांना सांगायचं तर सर्व्हर, प्रोटोकॉल हे शब्द पहिल्या दिवशी काढूच नका. यूपीआयचं उदाहरण घ्या. तुमचं खातं एका बँकेत, भाजीवाल्याचं दुसऱ्या. तुमच्याकडे फोनपे, त्याच्याकडे पेटीएम. तरी पैसे पोचतात. आता अशी बँक कल्पून बघा, जिथून फक्त त्याच बँकेच्या खातेदाराला पैसे देता येतात. दुसऱ्याला द्यायचे तर तिथे जाऊन नवं खातं उघडायचं. फेसबुकची रीत साधारण तशीच आहे. मास्टोडॉनवर मात्र तुमचं खातं एका सर्व्हरवर आणि तुमच्या बहिणीचं भलत्याच देशातल्या सर्व्हरवर असलं, तरी एकमेकींचं लिहिलेलं दिसतं, उत्तर देता येतं.

पत्ताही यूपीआय आयडीसारखाच दिसतो. आधी आपलं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग सर्व्हरचं नाव. नाव आणि गाव, इतकंच.

हे उदाहरण एका जागी अडतं, ते कॉमर्सवाल्यांच्या लगेच लक्षात येईल. यूपीआयच्या मधोमध एनपीसीआय ही संस्था बसलेली आहे. सगळा हिशेब तिच्यातून जातो. मास्टोडॉनला असं क्लिअरिंग हाऊस नाही. त्या बाबतीत ते ई-मेलच्या जवळचं. रेडिफमेलवरून जीमेलला पत्र जातं, मध्ये दोघांचा मिळून कुणी मालक नसतो. सामायिक असतो तो फक्त नियम. मास्टोडॉनच्या नियमाचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने त्याला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. मेटाच्या थ्रेड्सनेही तो काही प्रमाणात स्वीकारलाय. ब्लूस्कायची बोली मात्र वेगळी आहे, तिथून मास्टोडॉनवर बोलायला मध्ये दुभाष्या सेवा लागते. सीमाभागात दुभाष्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

घर बदलता येतं, सामान सगळं नाही

या सगळ्यातला खरा मुद्दा इथे आहे. सर्व्हर आवडला नाही, तर मास्टोडॉनवर खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतं आणि तुमचे फॉलोअर बहुतांशी आपोआप नव्या पत्त्याला जोडले जातात. जानेवारी २०११ मध्ये देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी आली, तसंच काहीसं. फरक असा की तिथे नंबर तोच राहतो, इथे पत्ता बदलतो. आणि जुन्या पोस्ट जुन्या जागीच राहतात. ब्लूस्कायवर पोस्टसुद्धा बरोबर नेण्याची सोय आहे, शिवाय स्वतःच्या वेबसाइटचं नावच पत्ता म्हणून वापरता येतं. एखाद्या मंडळाची किंवा वाचनालयाची वेबसाइट असेल तर हे फार कामाचं. पण ब्लूस्कायची बहुतेक खाती अजून त्या कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, त्यामुळे विकेंद्रित हा शब्द तिथे अजून बराचसा कागदावर आहे, असं माझं मत.

सर्व्हरचा खर्च कोण करतं? बहुतेक ठिकाणी देणग्या. जर्मनीत केंद्र सरकारच्या खात्यांसाठी वेगळा सरकारी सर्व्हर आहे. 'सोशल डॉट को-ऑप' नावाचा एक सर्व्हर तर चक्क सहकारी तत्त्वावर चालतो: सभासद वर्गणी भरतात, नियमांवर मतदान करतात. पतसंस्था आणि साखर कारखाने बघत वाढलेल्या आपल्या भागाला हा प्रकार समजायला दोन मिनिटं पुरतील. चालवणारी माणसं चांगली तर संस्था चांगली, हेही लागलीच समजेल.

कारण सर्व्हर बुडतातही. 'मास्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी' हा बराच जुना सर्व्हर २०२२ मध्ये चालकाने बंद करायला घेतला. आधी सूचना मिळाली की लोक हलू शकतात. पण 'क्वीअर डॉट एएफ' या सर्व्हरचं नाव अफगाणिस्तानच्या डोमेनवर होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारच्या खात्याने ते नावच काढून घेतलं. सर्व्हर अचानक गेला की खातं हलवायला जागाच उरत नाही. म्हणून खातं उघडताना सर्व्हर किती वर्षं चालू आहे, चालवणारा एकटा आहे की चारजण, आणि नियम लिहून ठेवलेत का, एवढं बघावं.

नियम कोण लावतं, हाही प्रश्न येतो. प्रत्येक सर्व्हरचा चालक. तो एखाद्या दुसऱ्या सर्व्हरशी संबंधच तोडू शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेतलं गॅब हे द्वेषपूर्ण मजकुरासाठी बदनाम झालेलं संकेतस्थळ मास्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं, तेव्हा असंख्य सर्व्हरनी त्याला वाळीत टाकलं. सॉफ्टवेअर फुकट, ते वापरण्यापासून कुणी अडवू शकलं नाही. पण बोलायला माणसं मिळाली नाहीत.

त्याच वर्षी आपल्याकडेही मास्टोडॉनची लाट आली होती. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बरेच भारतीय ट्विटर सोडून तिकडे गेले. त्यातले पुष्कळ परत फिरले. ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं ट्विटरवरच होती, मग रिकाम्या हॉलमध्ये किती वेळ भाषण करणार? विकेंद्रित माध्यमांची ही अडचण आजही आहे. आवडीनिवडी ओळखून समोर मजकूर आणून टाकणारं यंत्र मास्टोडॉनच्या मुख्य पानावर नाही. ज्यांना फॉलो केलं त्यांचंच, वेळेच्या क्रमाने दिसतं. सुरुवातीला पान ओसाड वाटतं. त्यासाठी हॅशटॅग फॉलो करावेत.

घरच्यांना सांगताना

व्हॉट्सॲप सोडून या, असं सांगू नका. ते काम वेगळं. मास्टोडॉनवरचे खाजगी निरोप व्हॉट्सॲपसारखे कुलूपबंद नसतात, सर्व्हरचा चालक ठरवलं तर ते वाचू शकतो. आधार, बँकेचे तपशील, घरगुती भांडणं तिथे नकोत. पोस्ट पुसली तरी दुसऱ्या सर्व्हरवर पोचलेली प्रत पुसली जाईलच असं नाही. आणि सर्व्हर परदेशात आहे म्हणून इथला कायदा लागू नाही, असा समज कुणाचा असेल तर तो आधी दूर करा.

पोस्ट लिहिताना भाषा निवडायची सोय असते, तिथे मराठी निवडावं. सार्वजनिक पानावर फक्त ठरावीक भाषांच्या पोस्ट दाखवा, असंही सेटिंगमध्ये सांगता येतं. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही वाचणाऱ्यांनी तिन्हींवर खूण करावी. त्याच सेटिंगमध्ये आपण फॉलो करत असलेल्यांची यादी फाइल म्हणून उतरवून घेता येते. दोन-चार महिन्यांनी एकदा ती घरच्या कॉम्प्युटरवर ठेवावी, पासबुक भरून आणतो तशी.