चुन्याच्या निवळीची कुळकथा

घरच्या प्रवाळ-टाकीची यादी लांबलचक असते: पंप, दिवे, प्रथिनांचा फेस काढणारा स्किमर, आरओचे यंत्र, सागरी मीठ. या सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे चुन्याची निवळी. मराठी घरांत तान्ह्या बाळाचे पोट बिघडले की आजी देत असे, तीच.

टाकीचा इतिहास चार ओळींत उरकतो. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ लंडनला नेऊन घरात जगवले. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडकांची, म्हणजे जीवजंतूंनी भरलेले सागरी खडक टाकीत ठेवण्याची, पद्धत मांडली. स्वित्झर्लंडच्या पीटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात टाकीत निवळी सोडण्याची रीत रूढ केली आणि बर्लिनच्या शौकिनांनी तिला स्किमर व जिवंत खडकांची जोड दिली.

पण विल्केन्सच्या हाती निवळी आली कुठून? नगर जिल्ह्यातला माणूस पटकन साखर कारखान्याकडे बोट दाखवेल. प्रवरानगरला सहकारी कारखाना १९५० मध्ये उभा राहिला. उसाच्या रसातला मळ खाली बसवायला तिथे चुनाच लागतो. त्याआधीपासून गुऱ्हाळात गुळव्या उकळत्या काहिलीत चुना टाकून मळी वर आणत आला आहे. युरोपात बीटच्या साखरेलाही चुना लागतो, त्यामुळे हा दावा वरकरणी पटतो. तरी तो टिकत नाही. कारखान्यात लागते ते चुन्याचे दूध, म्हणजे कण तरंगणारे गढूळ पाणी. टाकीत मात्र वरचे नितळ पाणीच चालते. गाळ गेला तर प्रवाळ भाजतात.

दुसरा दावेदार पाणीपुरवठ्याचा. ॲबरडीनच्या थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये जड पाण्यात चुना घालून ते मऊ करण्याचे पेटंट घेतले. गंमत अशी, की तिथे चुन्याने पाण्यातला चुना काढला जातो आणि टाकीत तोच घातला जातो. नगरच्या बोअरच्या पाण्यात निवळी टाकली तर पांढरा साका बसेल, तो क्लार्कचाच. म्हणून निवळीला आरओचे पाणी हवे. प्रयोजनच उलटे असल्यामुळे हे कुळही बाद धरावे.

उरतो औषधविक्रेता. युरोपातल्या औषधकोशांत चुन्याचे नितळ पाणी पोटासाठी आणि भाजल्यावर लावायच्या तेलासाठी पिढ्यान् पिढ्या होते: तेच प्रमाण, तीच घट्ट बुचाची बाटली. टाकीतली निवळी या बाटलीची वंशज, हा अंदाज सर्वांत जुळतो. आजीची निवळी मग तिची चुलत बहीण ठरते.

चुन्याचे स्वतःचे कूळ याहून जुने आणि जरा क्रूर आहे. देशावर चुनखडी भाजत. नगरच्या फराहबाग महालाच्या भिंतींना तसाच चुना आहे. कोकणात शिंपले भाजत. मन्नारच्या आखातात तर प्रवाळच खणून भट्टीत घालत. एकेकाळी प्रवाळाचा चुना झाला, आता चुन्यातून प्रवाळ वाढवतात.

कृती सोपी आहे. लिटरभर आरओच्या पाण्यात दोन ग्रॅम शुद्ध खाण्याचा चुना ढवळून रात्रभर झाकून ठेवावा. उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पृष्ठभागावर पापुद्रा धरतो आणि तितका चुना वाया जातो. साखरेच्या उलट, चुना थंड पाण्यात जास्त विरघळतो. निवळीचा सामू बाराच्या वर असतो, म्हणून ती थेंबथेंब आणि शक्यतो रात्री, टाकीचा सामू उतरलेला असताना सोडतात.

किती सोडायची, हे बाष्पीभवन ठरवते, कारण उडालेल्या पाण्याची भरपाईच निवळीने करायची असते. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात टाकी मुंबईच्या पावसाळ्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते. पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरचा खर्च वाढतो, पण निवळीला वाव मिळतो. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम राखायला महागड्या कॅल्शियम रिॲक्टरची गरज सहसा पडत नाही.

जीव निवडताना कायदा आधी पाहावा. २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे इथल्या टाकीत क्लाउनफिश, गोगलगायी आणि खडकांवरचे गुलाबी चुनेरी शेवाळ यांच्यावर भागवावे लागते. निवळीतला चुना प्रामुख्याने शेवाळ आणि गोगलगायींचे शंखच संपवतात.