फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हृदयाचे ठोके का बिघडतात?

शस्त्रक्रिया फुफ्फुसाची झाली, मग हृदयाची औषधे कशाला, असे नातेवाईक हमखास विचारतात. फुफ्फुसाचा भाग काढला की त्यातील रक्तवाहिन्याही जातात. उरलेल्या फुफ्फुसातून तेवढेच रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. शस्त्रक्रियेनंतरची सूज, वेदना आणि रक्तातील क्षारांचे बदल त्यात भर घालतात.

सर्वाधिक आढळणारा त्रास

याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात. नाडी जलद आणि अनियमित होते. फुफ्फुसाचा एक खंड काढल्यावर (लोबेक्टॉमी) साधारण १० ते २० टक्के रुग्णांत हे दिसते. पूर्ण फुफ्फुस काढल्यास प्रमाण वाढते. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हा त्रास सुरू होतो. हृदयविकाराचा झटका किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे त्रास कमी आढळतात, पण अधिक गंभीर असतात.

धोका कोणाला जास्त?

• वय ६० च्या पुढे
• आधीपासून हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब
• धूम्रपानामुळे झालेला सीओपीडी

शस्त्रक्रियेपूर्वी सुरू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवा. बीटा ब्लॉकर गटातील गोळी स्वतःहून अचानक बंद करू नका. त्याने ठोके बिघडू शकतात.

उपचार

ईसीजी काढून निदान होते. पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन कमी असल्यास ते भरून काढतात. ठोक्यांचा वेग आटोक्यात आणणारी औषधे देतात. ही अवस्था ४८ तासांहून जास्त टिकली तर हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. म्हणून रक्त पातळ करणारे औषध द्यायचे का, हे रक्तस्रावाचा धोका पाहून ठरवतात. बहुतेकांचे ठोके चार ते सहा आठवड्यांत पूर्ववत होतात.

घरी गेल्यावर

रोज नाडी मोजा. धडधड किंवा थकवा वाढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दुखणे, अचानक धाप लागणे, शुद्ध हरपणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे यांपैकी काहीही झाले तर थांबू नका. १०८ वर फोन करा. एका पायाला सूज आली तरी त्याच दिवशी दाखवा.

बरे वाटले तरी गोळ्या मनाने बंद करू नका. त्या कधी थांबवायच्या, हे तपासणीनंतर डॉक्टर सांगतील.