दोन नट, दोन संग्रहालये: केशवराव दाते आणि ताकाशी शिमुरा

चित्रपटातील नटाची कीर्ती त्याच्या अभिनयाइतकीच त्या अभिनयाच्या प्रती कोणी, कोठे आणि किती काळजीने जपल्या यावरही अवलंबून असते. रंगभूमीवरचा नट प्रेक्षकांच्या आठवणीत आणि समीक्षकांच्या लेखांत उरतो. पडद्यावरचा नट मात्र प्रत्यक्ष पाहता येतो, पण त्यासाठी फिल्मची रिळे शाबूत असावी लागतात आणि ती दाखवणारी व्यवस्थाही लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे येथे 1889 मध्ये जन्मलेले केशवराव दाते आणि जपानच्या ह्योगो प्रांतातील इकुनो या खाणगावी 1905 मध्ये जन्मलेले ताकाशी शिमुरा हे दोन नट शेजारी ठेवून पाहिले, तर या गोष्टीचा उलगडा चांगला होतो. दोघांचा एकमेकांशी संबंध आला नाही; तरीही आजच्या रत्नागिरीकर प्रेक्षकाला दोघांपर्यंत पोहोचण्यासाठी जवळजवळ एकाच वाटेने जावे लागते.

आडिवरे हे राजापूर तालुक्यातील, महाकालीच्या देवस्थानासाठी ओळखले जाणारे गाव. नमन-खेळे आणि जाखडी या लोककलांची परंपरा जपणाऱ्या या जिल्ह्यातून केशवराव व्यावसायिक रंगभूमीवर गेले आणि महाराष्ट्र नाटक मंडळीत नट म्हणून घडले. ही मंडळी गद्य नाटकांसाठी, म्हणजे पदांचा आधार न घेता संवाद आणि अभिनय यांवर उभ्या राहणाऱ्या नाटकांसाठी प्रसिद्ध होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ तिनेच रंगभूमीवर आणले आणि त्यातील राजकीय सूचकतेमुळे इंग्रज सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. संगीत नाटकाच्या ऐन बहराच्या काळात गाण्याविना प्रेक्षक बांधून ठेवण्याची ही तालीम केशवरावांना आयुष्यभर पुरली. 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन यांच्या कृतीवर आधारलेले नाटक सादर करून मराठी रंगभूमीवर स्वाभाविक अभिनयाचा आग्रह धरला, तेव्हा त्या उपक्रमातही केशवराव होते.

कोल्हापुरात 1929 मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यास आली आणि तेथील नव्या स्टुडिओत व्ही. शांताराम यांनी 1934 मध्ये ‘अमृतमंथन’ तयार केला. त्या काळी एकाच नेपथ्यात तेच प्रसंग मराठीत आणि हिंदीत दोनदा चित्रित करण्याची पद्धत होती. त्यानुसार पशुबळी आणि नरबळी यांचा कट्टर पुरस्कर्ता असलेला राजगुरू हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांनी आणि मराठी आवृत्तीत केशवरावांनी साकारला.

केशवरावांच्या अभिनयाचा सर्वांत सूक्ष्म नमुना मात्र 1937 च्या ‘कुंकू’मध्ये आणि त्याच्या ‘दुनिया न माने’ या हिंदी आवृत्तीत आहे. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील या चित्रपटात त्यांनी काकासाहेब या वृद्ध विधुर वकिलाची भूमिका केली. काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली तरुण नीरा (शांता आपटे) त्यांना पती म्हणून स्वीकारण्यास ठाम नकार देते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते सारे त्या त्या दृश्यातूनच येते. त्यामुळे नटाच्या मौनाला संगीताचे पांघरूण मिळत नाही आणि घरातल्या जुन्या घड्याळाचे ठोके काकासाहेबांच्या सरत्या वयाची जाणीव करून देत राहतात. केशवरावांनी हा माणूस खलनायक म्हणून रंगवला नाही. आधी हक्काची गुर्मी, मग स्वतःच्या वयाची लाज आणि शेवटी आपण केलेल्या अन्यायाची कबुली, असा क्रम त्यांनी आवाजाची पट्टी न चढवता, मुख्यतः नजरेतून आणि खांद्यांच्या ठेवणीतून उभा केला. प्रेक्षकाचा रोष कायम राहूनही त्याला या माणसाची कणव यावी, ही अवघड गोष्ट त्यांनी साधली आहे. पुढे ‘शेजारी’ (1941), ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (1946), ‘झनक झनक पायल बाजे’ (1955) अशा चित्रपटांतून ते दिसत राहिले. 1971 मध्ये त्यांचे निधन झाले.

शिमुरा यांची वाटचालही रंगभूमीवरूनच सुरू झाली. ओसाकात नाटकांत काम केल्यानंतर 1934 मध्ये, म्हणजे ‘अमृतमंथन’च्याच वर्षी, ते चित्रपटात आले. जपानमध्ये बोलपट रुळण्यास वेळ लागला होता, कारण मूकपटाच्या वेळी पडद्याशेजारी बसून कथा सांगणारे आणि पात्रांचे संवाद म्हणणारे ‘बेन्शी’ तेथे कमालीचे लोकप्रिय होते. बोलपटाने त्यांची गरज संपवली आणि रंगभूमीवर आवाज कमावलेल्या नटांना मागणी आली. केंजी मिझोगुची यांच्या ‘ओसाका एलेजी’ (1936) या चित्रपटात पोलीस अधिकाऱ्याची भूमिका करणारे शिमुरा पुढे दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे सर्वांत विश्वासू नट ठरले. कुरोसावांच्या 30 चित्रपटांपैकी 21 चित्रपटांत ते आहेत. ‘राशोमोन’मधला (1950) लाकूडतोड्या, ‘सेव्हन सामुराई’मधला (1954) सामुराईंचा म्होरक्या कांबेई आणि त्याच वर्षीच्या ‘गोजिरा’तील वृद्ध शास्त्रज्ञ या तीन भूमिकाच त्यांचा आवाका दाखवण्यास पुरेशा आहेत. चोराने ओलीस धरलेल्या मुलाला सोडवण्यासाठी कांबेई भिक्षूचे सोंग घेतो आणि त्याकरिता सामुराईच्या प्रतिष्ठेचे चिन्ह असलेली शेंडी उतरवतो. हा प्रसंग शिमुरांनी कोणताही आविर्भाव न आणता केला आहे आणि पुढे डोक्यावरून हात फिरवण्याची कांबेईची साधी लकब त्या त्यागाची आठवण चित्रपटभर जागी ठेवते.

‘इकिरू’ (1952) हा चित्रपट ‘कुंकू’शेजारी ठेवावा असा आहे. तीस वर्षे नगरपालिकेत कागदांवर शिक्के मारत बसलेला वातानाबे हा विभागप्रमुख पोटाच्या कर्करोगाने आपले दिवस भरत आल्याचे कळल्यावर जागा होतो आणि एका दलदलीच्या जागी मुलांसाठी बाग करवून घेण्यासाठी कार्यालयाकार्यालयांतून चिकाटीने हेलपाटे घालतो. शिमुरांचा वातानाबे पाठीत वाकलेला आहे, त्याचा आवाज घशातच अडकतो, आणि वरिष्ठांनी झिडकारल्यावरही तो फक्त उभा राहतो. ते उभे राहणेच त्याचे हत्यार आहे. या वेळी शिमुरा 47 वर्षांचे होते, तर ‘कुंकू’च्या वेळी केशवरावांनी पन्नाशी गाठलेली नव्हती. दोघांनीही आपल्यापेक्षा थकलेला, आयुष्याचा हिशेब उशिरा मांडणारा माणूस रंगवला आणि दोघांनीही नायकाच्या देखणेपणावर विसंबून न राहता चरित्र अभिनेत्याला चित्रपटाच्या केंद्रस्थानी आणले. शिमुरांचे निधन 1982 मध्ये झाले.

या दोघांचे काम टिकले, पण दोन्ही देशांत त्यांच्या भोवतीचे बरेच काही नष्ट झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्रपट नायट्रेटच्या फितीवर निघत. ही फीत लवकर पेट घेते आणि नीट न ठेवल्यास आपोआपही कुजते. जपानच्या मूकपटांचा फार मोठा भाग 1923 चा कांतो भूकंप, महायुद्धातील बॉम्बहल्ले आणि निष्काळजीपणा यांत गेला, तर 1984 मध्ये तोक्योच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राला आग लागली. भारतात फेब्रुवारी 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याचे शिल्पकार पी. के. नायर यांनी गोदामे, चित्रपटगृहे आणि निर्मात्यांची घरे धुंडाळून रिळे मिळवली. तरीही जानेवारी 2003 मध्ये प्रभातच्या जुन्या आवारात लागलेल्या आगीत अनेक नायट्रेट प्रती जळाल्या. यापैकी बऱ्याच चित्रपटांच्या सुरक्षित फितीवरील प्रती आधीच काढलेल्या होत्या, म्हणून आशय वाचला. मूळ फीत मात्र कायमची गेली.

जपानी चित्रपट महाराष्ट्रात पोहोचले तेही अशाच संस्थांमुळे. जानेवारी 1952 मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि त्यात जपानही सहभागी होता. 1951 मध्ये व्हेनिसला ‘राशोमोन’ला सर्वोच्च पुरस्कार मिळाल्यामुळे जगाचे लक्ष जपानकडे वळलेले होते. पुढे फिल्म सोसायट्यांनी, म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या आणि धंदेवाईक वितरणाबाहेरचे चित्रपट दाखवणाऱ्या मंडळांनी, ही ओळख वाढवली. त्यांचा देशव्यापी महासंघ 1959 मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाला आणि मुंबईत 1968 मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झाले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील प्राध्यापक सतीश बहादुर यांच्या प्रयत्नांतून चित्रपट रसास्वादाचे वर्ग उभे राहिले आणि शिक्षक, पत्रकार, महाविद्यालयीन तरुण अशा मराठी वर्गाला कुरोसावा, ओझू, मिझोगुची या जपानी दिग्दर्शकांची नावे परिचयाची झाली.

ही चळवळ मुंबई-पुण्यात रुजली, पण रत्नागिरी तिच्यापासून लांब होती. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्णपणे सुरू होईपर्यंत मुंबईचा प्रवास आधी बोटीने आणि नंतर एसटीने होत असे. त्यामुळे बहुतेक रत्नागिरीकरांना जपानी चित्रपट पाहण्याची संधी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडल्यावरच मिळे. आडिवऱ्यात जन्मलेल्या नटाचे जुने काम पाहण्यासाठीही पुण्याच्याच संग्रहालयाचा आधार घ्यावा लागे, ही या इतिहासातील खरी विसंगती आहे.

आज हे अंतर बरेच कमी झाले आहे. 2022 पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग असलेल्या पुण्याच्या संग्रहालयात, लॉ कॉलेज रस्त्यावर आणि कोथरूड येथे, प्रेक्षागृहे आहेत आणि अभ्यासकांसाठी ग्रंथालयही आहे. मुंबई-पुण्याच्या महोत्सवांत पुनरुज्जीवित अभिजात चित्रपट दाखवले जातात. ‘सेव्हन सामुराई’ची नवी, उच्च दर्जाची प्रत 2024 मध्ये कान महोत्सवात झळकली. शिमुरांचे प्रमुख चित्रपट क्रायटेरियन या अमेरिकी संस्थेच्या डिस्कवर इंग्रजी उपशीर्षकांसह मिळतात. ‘कुंकू’ आणि प्रभातचे इतर काही चित्रपट यूट्यूबवर पाहता येतात. नवख्या प्रेक्षकाने ‘इकिरू’पासून आरंभ करून ‘सेव्हन सामुराई’ आणि ‘राशोमोन’कडे यावे आणि केशवरावांसाठी ‘कुंकू’नंतर ‘शेजारी’ पाहावा, हा क्रम दोघांची कला समजण्यास सोयीचा आहे.

घरच्या लहान पडद्यावर चित्रपट मिळू लागला म्हणजे तो समाजाच्या स्मरणात आला असे होत नाही. फिल्म सोसायट्यांनी दिलेली खरी गोष्ट म्हणजे एकत्र बसून पाहणे आणि पाहिल्यावर बोलणे. रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह आहे, महाविद्यालये आहेत आणि नाटकावर जीव असलेला प्रेक्षक तर पिढ्यान्‌पिढ्या आहे. या शहरात ‘कुंकू’ आणि ‘इकिरू’ एकाच दिवशी दाखवले गेले आणि दुसऱ्याचे संवाद मराठी उपशीर्षकांत वाचता आले, तर आडिवऱ्याच्या नटाची थोरवी त्याच्या जिल्ह्याला जगाच्या मापाने कळेल आणि शिमुरांसारखा परका नटही येथील रसिकांना आपला वाटेल. पुण्यात जपलेल्या रिळांचे सार्थक अशा प्रेक्षकांपर्यंत ती पोहोचण्यातच आहे आणि त्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी आता येथील नाट्यसंस्थांनी व महाविद्यालयांनी उचलावयास हवी.