मालकाविना तलाव

डेटाबेस आणि मालगुजारी तलाव यांची सोयरीक जुळवणाऱ्या माणसाकडे वाचक जरा संशयानेच पाहतील. पण मी भंडारा जिल्ह्याचा; आम्हांला काहीही समजून घ्यायचे झाले की आधी तलावाच्या पाळीवर जाऊन बसावे लागते. भंडाऱ्यात 'पोस्टग्रेस' वापरणाऱ्यांचे एक मंडळ काढण्याचे घाटत आहे. डेटाबेस म्हणजे पटवाऱ्याचे दप्तरच, फक्त यंत्रातले. आणि पोस्टग्रेस हे असे दप्तर की ज्याची घडण कोणीही उघडून पाहावी, बदलावी, फुकट वापरावी. त्याला मालक नाही, हे ऐकले आणि माझे मन थेट १९५१ सालात गेले.

आमच्याकडचे कित्येक तलाव कोहळी समाजाच्या हातचे. तलाव मालगुजाराच्या नावावर, पण पाण्यावर गावाचा हक्क. गावाचे असे रिवाज बंदोबस्ताच्या वेळी 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये लिहून ठेवीत. उन्हाळ्यात मालगुजार गाळ काढवी, पाळ दुरुस्त करवी. ही व्यवस्था मायेची होती असे मी म्हणणार नाही; राबणारे राबत, मालगुजार तो मालगुजारच. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने (तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो) मालगुजारी गेली आणि १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. झाले ते योग्यच. पण कायद्याने मालक काढला. गाळ कोणी काढायचा? सरकार म्हणे, पाणीपट्टी भरा. शेतकरी म्हणत, आमचा हक्क कागदावर आहे, पट्टी कसली? भांडण चालत राहिले, आणि तलावांत गाळ साचत गेला.

पोस्टग्रेसवरही हाच प्रसंग आला. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये त्याचे काम आरंभले. १९९४ मध्ये विद्यापीठाने हात काढून घेतला. मालगुजारी खालसाच म्हणा. अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल भाषा शिकवली, पण दोघांवर असा संसार किती दिवस चालणार? १९९६ च्या जुलैत कॅनडातील मार्क फूर्निए यांनी कामासाठी आपले यंत्र देऊ केले. अमेरिकेतून ब्रूस मॉमजियन आले, रशियातून वादिम मिखेव. नवे काही करण्याआधी या मंडळींनी जुन्या चुका शोधल्या आणि दुरुस्त केल्या. आधी गाळ, मग नवा पाट!

'मायएसक्यूएल'ची गोष्ट वेगळी. तेही खुले, पण मालकी एका कंपनीची. २००८ मध्ये ते सुमारे एक अब्ज डॉलरला सन कंपनीकडे गेले, आणि २०१० मध्ये सनसकट ऑरॅकलकडे, म्हणजे स्वतःचा डेटाबेस विकणाऱ्या दुकानदाराकडे. हे दिसू लागताच त्याच्या एका मूळ कर्त्याने २००९ मध्येच 'मारियाडीबी' वेगळे काढले. पाणी तेच, पाळ दुसरी.

मौज अशी की पोस्टग्रेसमध्येही खरोखरचा गाळ साचतो. एखादी नोंद बदलली तरी जुनी लगेच पुसली जात नाही, कारण त्याच क्षणी दुसरा कोणी ती वाचत असेल. अशा मृत नोंदी झाडून काढण्याच्या कामाला 'व्हॅक्यूम' म्हणतात. २००८ च्या ८.३ आवृत्तीत पुष्कळसा गाळ जागच्या जागी निघावा अशी युक्ती आली. ती रचणारे पवन देवलसी आपल्याकडचेच; आणि त्या आवृत्तीच्या टिपणात त्यांच्या नावापुढे, कल्पना इतरही अनेकांच्या, अशी नोंद आहे.

भंडाऱ्याच्या मंडळाच्या घटनेचा कच्चा मसुदा मी वाचला. त्यात अध्यक्ष आहे, उपाध्यक्ष आहे, वर्गणीही आहे. मी समासात पेन्सिलीने लिहिले: नवख्यांच्या शंकांना मराठीत उत्तरे कोण देणार आणि सापडलेली चूक वर कळवणार कोण, त्यांची नावे आधी घाला; अध्यक्ष पुढच्या उन्हाळ्यात निवडला तरी चालेल.