डेट्रॉइट, 31 ऑक्टोबर 1968

ग्रँड रिव्हर ॲव्हेन्यूवरच्या ग्रँडी बॉलरूमचा जिना चढून तुम्ही वर येता. 1928 साली खास नाचासाठी बांधलेला हा हॉल. लाकडी जमिनीखाली स्प्रिंगा बसवलेल्या आहेत, त्यामुळे गर्दी उसळली की तुम्हीही आपोआप वर-खाली होता. मोटारींच्या कारखान्यांवर जगणारं हे शहर गेल्या वर्षीच्या जुलैत पेटलं होतं. 43 माणसं मेली, रस्त्यांवर रणगाडे फिरले. यंदाच्या ऑगस्टमध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा लिंकन पार्कात युद्धविरोधी तरुणांसमोर एमसी फाइव्ह वाजवत होता, आज इथं वाजवणारा हाच बँड. मग पोलिसांच्या लाठ्या बरसल्या.

आज एलेक्ट्रा कंपनीची रेकॉर्डिंगची यंत्रं इथं आली आहेत. कालचा कार्यक्रमही टेपवर आहे. नवा बँड पहिली रेकॉर्ड स्टुडिओत करतो. एमसी फाइव्हची मात्र थेट गर्दीतून उचलली जाते आहे. माझ्या मते हाच एकमेव योग्य मार्ग होता.

निवेदक जे. सी. क्रॉफर्ड धर्मोपदेशकाच्या आवेशात माइकवर येतो आणि बाजू निवडायला तुम्हाला पाच सेकंद देतो. पाठोपाठ वेन क्रेमर चिरक्या, उंच आवाजात गाऊ लागतो. त्याची आणि फ्रेड स्मिथची गिटार एकमेकींवर आदळतात, डेनिस थॉम्पसनचे ड्रम्स छातीत घुमतात. मुख्य गायक रॉब टायनर घामानं निथळतोय. जळत्या डेट्रॉइटवरचं जॉन ली हुकरचं गाणं सुरू होतं आणि हॉलमधल्या कुणालाही संदर्भ सांगावा लागत नाही. शेवटी सन राच्या जॅझचा हात धरून गाणं गाणंपण सोडतं, उरतो नुसता कल्लोळ. घोषणा शोधाल तर शब्दांत फारशा सापडणार नाहीत. या बँडचं राजकारण त्याच्या आवाजात आहे.

उद्या, 1 नोव्हेंबरला, मॅनेजर जॉन सिंक्लेअर आणि त्याचे साथी व्हाइट पँथर पार्टी काढतील. फेब्रुवारीत ही रेकॉर्ड 'किक आउट द जॅम्स' या नावानं बाजारात येईल, बिलबोर्डच्या यादीत तिसाव्या क्रमांकापर्यंत चढेल. एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन या नियतकालिकात समीक्षक लेस्टर बँग्स तिची सालटी काढेल. रेकॉर्डवरच्या एका शिवीमुळे डेट्रॉइटचं हडसन्स हे बडं दुकान ती विकायला नकार देईल. बँड हडसन्सलाच शिवी देणारी जाहिरात छापून उत्तर देईल, खाली एलेक्ट्राचं चिन्हही लावेल. हडसन्स एलेक्ट्राच्या सगळ्याच रेकॉर्ड्स काढून टाकेल आणि कंपनी बँडला. जुलैत सिंक्लेअरला दोन गांजाच्या सिगारेटींपायी दहा वर्षांची शिक्षा होईल. त्याच्या सुटकेसाठी 1971च्या डिसेंबरात जॉन लेनन ॲन आर्बरला येऊन गाईल.

ही रेकॉर्ड ऐकाल तेव्हा क्रॉफर्डचं भाषण गाळून थेट गाण्यावर जाऊ नका. आवाज मोठा ठेवा आणि गर्दीकडेही कान द्या. तीही या बँडचाच भाग आहे.